झिरो पट्टी

त्या सकाळी रामराव कारखान्यात राबत होते ते एक नासलेलं काम झाकायला. नासलं होतं त्यांच्याच हातून, आणि हरीओम वाशीमहून परत यायच्या आत ते नासलंच नव्हतं असं दिसायला हवं होतं.

कारखाना म्हणजे घरामागचा टिनाचा शेड. वाशीमजवळच्या मालेगावात बसस्टँडमागच्या गल्लीत कोणालाही विचारा, रामराव मिस्त्रींचं घर दाखवतील. आसपासच्या कितीतरी गावांतल्या देवघरांना आणि दारांच्या चौकटींना त्यांचा हात लागलेला. मुलगा हरीओम धंद्यात आला तेव्हा त्याने बापाच्या रंध्या-पटाशीच्या जोडीला अकोल्याहून एक जुनं टेबल कटर आणलं. लोखंडी टेबल, त्याच्या मधोमध वर आलेलं गोल पातं आणि पातं वर-खाली करायला बाजूला एक चाक.

मशीन चांगलं होतं, पण पात्याभोवती कंपनीची जी पट्टी बसवलेली होती तिची फट बोटभर रुंद. बारीक तुकडा कापला की त्या फटीत पडायचा, अडकायचा, कधी पात्यात सापडून उलटा फेकला जायचा. मायका लावलेला प्लाय कापला की खालच्या कडेने चिपा उडायच्या. हरीओमने फोनवर बघून बघून यावर तोड काढली आणि पट्ट्या घरीच करायला लागला. कंपनीची पट्टी लाकडावर ठेवून पेन्सिलीने तिचा आकार उतरवायचा, तेवढी फळी कापून, घासून टेबलाच्या खाचेत घट्ट बसवायची. पातं आधीच खाली नेलेलं असतं. मग मशीन चालू करून ते हळूहळू वर आणायचं. कोऱ्या फळीतून पातं आपल्यापुरतीच वाट कापत वर येतं, आणि दोन्ही अंगांना केसाइतकीही फट राहत नाही. हरीओम तिला झिरो पट्टी म्हणायचा.

रामरावांना ती पट्टी मनापासून आवडली होती, पण पोराला त्यांनी तसं कधी म्हटलं नाही. कारण मशीनवरून त्या दोघांत एक बारीकसं शल्य होतं. वर्षभरापासून रामरावांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाचा कप बशीत वाजायचा. हरीओमने ते पाहिलं आणि एक दिवस अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तुमी रंधा मारा, कोरीव काम करा, पालिश करा. मशीनवर मी हावो ना." पोराने वाईट बोललं नव्हतं. तरी रामरावांना ते लागलं. ज्या कारखान्यात त्यांच्या शब्दाशिवाय खिळा ठोकला जात नसे, तिथे त्यांना एका टेबलापासून दूर राहायला सांगितलं होतं.

म्हणून हरीओम बाहेरगावी गेला की ते गुपचूप मशीनवर जायचे. त्या दिवशी तो कपाटाच्या बिजागऱ्या आणि कड्या आणायला मोटरसायकलने वाशीमला गेला होता. रामरावांना चौकटीच्या एका लाकडाची कड तिरपी कापायची होती. त्यांनी पातं कलतं केलं आणि बटन दाबलं. झिरो पट्टीतली वाट सरळ पात्याच्या मापाची असते, पातं कललं की ते पट्टीलाच खातं, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. कचकन आवाज झाला. हरीओमने जुन्या सागवानातून केलेली, मेण लावून गुळगुळीत केलेली पट्टी मधोमध चिरली.

आता पोरगा आला की आधी पट्टीकडे बघणार आणि मग बापाच्या हाताकडे. एवढं एकच रामरावांच्या डोक्यात घुमायला लागलं. त्यांनी तसाच एक सागवानाचा तुकडा शोधला, चिरलेल्या पट्टीवरून आकार उतरवला, कापला, कडा घासल्या. इथवर हात बरा चालला. तुकडा खाचेत ठेवून पाहिला तर नीट टेकत नव्हता, एका बाजूने उचलल्यासारखा राहत होता. पातं सरळ करून पार खाली नेलं तरी त्याचे दात फळीला खालून लागत होते. हरीओम अशा वेळी फळी उलटी करून पटाशीने खालून खोबण काढायचा, म्हणजे सुरुवातीला दात लाकडाला शिवत नाहीत. शिवाय वरून एक जाड फळी आडवी ठेवून दोन्हीकडून शिकंजे लावून ती टेबलाला आवळायचा. रामरावांनी हे पुष्कळदा पाहिलं होतं. पण खोबण काढायला वेळ लागला असता, थरथरत्या हाताने जास्तच. त्यांनी फळीवर डावा पंजा ठेवून दाबलं. फळी खाली बसली. बस झालं, असं त्यांना वाटलं.

एक हात फळीवर, दुसरा चाकावर. बटन मात्र समोरच्या भिंतीवरच्या बोर्डात. त्यांनी हाक मारली, "निकिता, इकडे येय व जरा."

निकिता म्हणजे हरीओमची बायको. प्रयागबाई, रामरावांच्या मंडळी, चक्कीवर दळण घेऊन गेल्या होत्या. घरात सून एकटीच. ती ओले हात पदराला पुसत आली, बोर्डापाशी उभी राहिली आणि फळीकडे पाहून म्हणाली, "मामाजी, हे तं वरून जाड फळी ठेवतेत ना? शिकंजा लावून?"

"माह्या हातापरीस शिकंजा घट्ट हाय काय? दाब बटन."

ती घुटमळली. "हे येऊ द्या ना. मंग..."

"दाब म्हनलं ना, बाई."

तिने बटन दाबलं.

पंजाखालून फळी निसटली कधी हे रामरावांना कळलंच नाही. हाताला नुसता एक हिसका बसला. फळी पात्याच्या समोर सुटली, आणि समोर निकिता उभी होती. ती ओरडली नाही. दोन्ही हात तोंडावर घेऊन ती भुशात खाली बसली आणि बोटांमधून रक्त यायला लागलं.

रामरावांनी धावत जाऊन बटन बंद केलं. खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्यापाशी बसले. डाव्या डोळ्याच्या खाली गाल फाटला होता आणि डोळा बघता बघता सुजून मिटत होता. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

तेव्हा त्यांनी विचारायला हवं होतं, दिसते काय, डोया उघडता येते काय. पण त्यांच्या तोंडून जे निघालं ते असं, "हरीओमले सांगू नको. न्हानीत पाय घसरला म्हन."

निकिताने उघड्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं. तिला बहुतेक नीट ऐकू आलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा सांगितलं. "न्हानीत पडली म्हनजो बाई. मले तो मशीनले हात लावू नाई देनार."

"हाव, मामाजी," ती म्हणाली. मग त्यांनी तिच्या गालावर दुपट्टा दाबला.

प्रयागबाई दळण घेऊन आल्या तेव्हा ती बाजेवर पडली होती. रामरावांनी तोवर ती फळी आणि चिरलेली पट्टी, दोन्ही चुलीत घातली होती आणि कंपनीची जुनी पट्टी मशीनला लावली होती. प्रयागबाईंनी आरडाओरडा करून शेजाऱ्यांना जमवलं, हरीओमला फोन केला, आणि ऑटोत घालून सुनेला दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टाके घातले. मग सगळ्यांना बाहेर काढलं आणि पडदा ओढला. रामराव पडद्यापाशीच भिंतीला टेकून उभे होते. त्यांना आतलं सगळं ऐकू येत होतं.

"न्हाणीत पडून डोळ्याखाली असं लागत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोणी मारलं का? घाबरू नकोस, मला सांग."

"नाई मॅडम. पडली मी."

"नवरा मारतो का?"

"नाई. ते तं घरी नोते."

तेवढ्यात हरीओम धापा टाकत आला. हेल्मेट तसंच हातात होतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "नवरा तुम्ही का? डोळा तपासायला वाशीमला घेऊन जा. आणि पुन्हा असं काही घेऊन ती माझ्याकडे आली, तर मी पोलिसांना कळवीन."

"कायले?" हरीओमला काही समजलंच नाही. त्याने बापाकडे पाहिलं. रामरावांनी खाली वाकून चपलेचा पट्टा सारखा केला.

वाशीमच्या डॉक्टरांनी डोळा वाचला असं सांगितलं. सूज उतरायला वेळ लागेल, खूण राहील. हरीओमने बायकोला घरी आणलं, तिच्या हाताला काम लागू दिलं नाही, लेकीची वेणी घालायलासुद्धा तोच बसला. लेक वैभवी अजून शाळेत जायच्याही वयाची नव्हती. तिनेच एका दुपारी फोन हातात घेऊन धनजच्या आजीला लावला आणि कॅमेरा आईच्या तोंडावर धरला. "आजी, पाय ना, आईचा डोया कसा झाला!"

दुसऱ्या दिवशी निकिताची आई ललिताबाई आणि भाऊ शिवम धनजहून येऊन दारात उभे राहिले.

ललिताबाई थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि लेकीला जवळ घेऊन बसल्या. आतून बोलण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. रामराव समोरच्या ओट्यावर बसले होते. ती आता सांगेल, असं त्यांना वाटत होतं. सांगून टाकेल तर बरं, असंही वाटत होतं, आणि त्याच वेळी तिने सांगू नये म्हणून जीव मुठीत धरला होता. ललिताबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहूनच कळलं की तिने सांगितलं नाही.

शिवमने गल्लीतच हरीओमला गाठलं. "जिजाजी, न्हानीत पडलेल्या मानसाले गुडघ्याले लागते, कोपराले लागते. हिच्या आंगावर दुसरा ओरखडाई नाई. खरं सांगा."

"मी तं वाशीमले गेलो होतो."

"हात टाकला ना तुमी?"

"शिवम, काय बोलून राह्यला तू?"

शिवमने त्याची कॉलर धरली. आजूबाजूच्या दारांत बायका उभ्या राहिल्या. हरीओम तसा अंगाने दणकट, पण त्याने हात वर उचलला नाही. मान वळवून ओट्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, तुमी होते ना घरी. सांगा ना याले."

गल्ली रामरावांकडे बघायला लागली. रामराव बसल्या जागेवरून म्हणाले, "हाव... न्हानीत... साबन पडलं होतं तठी."

आवाज असा निघाला की त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. शिवमने कॉलर सोडली, पण ती पटलं म्हणून नव्हे. ललिताबाई ओट्याच्या पायरीपाशी आल्या. "इवाईबुवा, तुमाले डोये वर करून बोलता येऊन नाई राह्यलं," त्या म्हणाल्या. "पोटच्या पोरासाठी मानूस खोटं बोलते. पन माही बी पोटचीच हाय."

त्यांनी लेकीला आणि नातीला सोबत घेतलं. निघताना निकिता रीतीप्रमाणे सासऱ्याच्या पाया पडायला वाकली. वाकूनच, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मामाजी, मी काई सांगतलं नाई."

त्यात टोमणा नव्हता. दिलेला शब्द पाळल्याचं तिने फक्त सांगितलं होतं. रामरावांना वाटलं, हिने थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

त्यानंतर घर मुकं झालं. हरीओमने मशीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही, म्हणून बदललेली पट्टी त्याच्या ध्यानात आली नाही. नळावर शेजारच्या कमलीबाई प्रयागबाईंना म्हणाल्या, "पोट्टा गरीब वाटत होता व. पन कोनाच्या पोटात काय असते, काय मालूम." प्रयागबाई भरलेली घागर तिथेच ठेवून घरी आल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "काहो, वाशीमले निघाच्या आंधी खरंच मारलं असन काय त्यानं?"

"नाई," रामराव म्हणाले.

"तुमी पायलं होतं काय तिले पडताना?"

रामराव उठून शेडमध्ये गेले. ज्या पोराने मुंगीसुद्धा ओलांडून चालावं, त्याच्यावर त्याची आई शंका घेत होती, आणि ती एका शब्दाने मिटवणं त्यांच्या हातात होतं. तो शब्द ते उद्यावर ढकलत होते. आधी नुसता मशीनचा प्रश्न होता. आता तर इतकं सगळं झाल्यावर सांगायचं, म्हणजे इतके दिवस गप्प का बसले तेही सांगावं लागणार होतं.

एका संध्याकाळी हरीओम न्हाणीच्या दारात उकिडवा बसलेला त्यांना दिसला. तो हाताने फरशी चाचपत होता.

"हे खरबरीत फरशी मीच बसवली, बाबा. कोनी घसरू नाई म्हनून," तो म्हणाला. "पाय घसरते कसा इथी?" मग फरशीवरचा हात न उचलता, "ते मले काईतरी लपवून राह्यली. मी नोतो तवा घरी कोनी आलतं काय?"

रामरावांना पोराच्या बोलण्याचा अर्थ कळायला एक क्षण लागला. कळला तेव्हा त्यांनी दाराची चौकट धरली. आपण पेरलेलं कुठवर उगवत चाललं होतं! "कोनी नाई आलं बापा," एवढं म्हणून ते आत गेले. तेव्हासुद्धा त्यांनी सांगितलं नाही.

पण सकाळी उठल्याबरोबर ते बसस्टँडवर गेले. कारंजाला गाडी बदलली आणि धनजच्या फाट्यावर उतरून पायी गावात शिरले. ललिताबाईंच्या अंगणात तुरीच्या काड्यांचा ढीग पडला होता. निकिताचे वडील वारल्यापासून ते घर, ते वावर त्यांनीच सांभाळलेलं. मनात राग असूनही त्यांनी व्याह्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा टाकायला सांगितलं. रामरावांना वाटलं, यांनी दारातूनच हाकलायला पाहिजे होतं. बशीत कप वाजायला लागला म्हणून त्यांनी तो खाली ठेवला.

"हरीओमनं काई केलं नाई," ते म्हणाले. "मशीनवरची फळी उडाली. माह्या हातून. तेच लागली पोरीच्या गालाले."

शिवम उभाच होता. तो कडू हसला. "काका, त्या दिशी साबन होतं, आज फळी झाली. उद्या काय होईन? कायले आपल्या म्हातारपनावर घेता? बाप हाय तुमी, समजते आमाले."

रामरावांना हे सुचलंच नव्हतं. येताना सगळा रस्ता ते यांच्या रागाची तयारी करत आले होते. खरं बोलल्यावर लोक खोटं समजतील, हे काही मनात आलं नव्हतं. "नाई हो... खरंच..." ते म्हणत राहिले, आणि जितकं बोलत गेले तितकं ते पोराला वाचवायला आलेल्या बापासारखंच वाटत गेलं.

दारात निकिता येऊन उभी राहिली. गालावरची पट्टी निघाली होती. डोळ्याखाली काळंनिळं, आणि टाक्यांची लाल रेघ.

"खरं हाय," ती म्हणाली. "बटन मी दाबलं होतं."

ललिताबाई तिच्याकडे वळल्या. "मंग मी तुले जवय घेऊन इचारलं, तवा काहून नाई सांगतलं?"

रामरावांनी निकिताकडे पाहिलं. ती पुन्हा सांभाळून घेईल, 'घाबरली होती' असं काहीतरी म्हणेल, अशी आशा अजूनही त्यांच्या मनात होती. ही आशा आपल्या मनात आहे हे त्यांना कळलं, आणि तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांना स्वतःची किळस आली. निकिता त्यांच्याकडे बघत होती. या वेळी ती त्यांच्यासाठी काहीच बोलणार नव्हती.

"मी सांगू नको म्हनलं होतं," रामराव म्हणाले. "तिनं मले आंधीच म्हनलं, शिकंजा लावा म्हनून. मी ऐकलं नाई. मंग लागलं तवा... तिचं रक्त पुसाच्या आंधी मी हे म्हनलं, का हरीओमले सांगू नको."

ललिताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आमी जवायाची कॉलर धरली," त्या म्हणाल्या. "साऱ्या गल्लीसमोर. आन् तुमी ओट्यावर बसले होते."

"हाव."

"बसले होते," त्या पुन्हा म्हणाल्या आणि आत गेल्या.

शिवम खाली बघत काड्या गोळा करायला लागला. रामरावांना जा असं कोणी म्हटलं नाही, बसा असंही म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने ललिताबाईंनी ताट आणून समोर ठेवलं. भाकर, तुरीच्या दाण्यांची आमटी, कांदा. "इवाई दारातून उपाशी गेला असं आमच्या घरी होत नाई," त्या म्हणाल्या, आणि समोर बसल्या नाहीत. रामरावांनी खाली मान घालून ताट संपवलं. चव काही कळली नाही.

उठताना ते निकिताला म्हणाले, "चाल बाई घरी."

"हे घ्याले आले तं येईन," ती म्हणाली. "तुमच्यासंगं नाई येत, मामाजी."

घरी पोचले तेव्हा हरीओम शेडमध्ये प्लायवर मायका चिकटवत होता. रामरावांनी या वेळी बसायचीसुद्धा वाट पाहिली नाही. दारातच उभे राहून सुरुवातीपासून सांगितलं. तिरपं पातं, चिरलेली पट्टी, पंजाने दाबलेली फळी, न्हाणीची गोष्ट, चूल. हरीओम फेव्हिकॉलचा ब्रश हातात धरून ऐकत राहिला.

"तिनं शिकंजा लावा म्हनलं होतं?"

"हाव."

"आन् तुमी?"

"दाब म्हनलं."

हरीओमने ब्रश खाली ठेवला. "शिवमनं धरलं मले, तवा मी तुमाले इचारलं, बाबा." मग म्हणाला, "मी तिच्यावर शक घेतला. आपल्या बायकोवर. तुमच्या एका पट्टीपायी." तो चिडला असता, ओरडला असता, तर रामरावांना काहीतरी म्हणता आलं असतं. तो हात धुवायला गेला, मोटरसायकल काढली आणि आईला सांगून धनजला निघाला.

प्रयागबाईंनी सगळं आतून ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या, नवऱ्याकडे पाहिलं, आणि नुसतं म्हणाल्या, "मी माह्या लेकराले बदमाश समजली हो." त्या दिवशी त्यांनी रामरावांना जेवायला वाढलं, पण हाक मारली नाही.

हरीओम बायकोला आणि लेकीला घेऊन आला. मागोमाग शिवम आला, आणि जिथे कॉलर धरली होती तिथेच गल्लीत उभा राहून त्याने हरीओमचे दोन्ही हात धरले. रामराव स्वतः कमलीबाईंच्या दारात गेले. कमलीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा. म्हंजे पोट्टा चांगलाच हाय म्हना." मग गल्लीला त्या गोष्टीची गंमत वाटायला लागली. चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारायचं, "काय मिस्त्री, नवी पट्टी केली काय?" रामराव मान हलवायचे.

हरीओमने त्यांना मशीनची मनाई केली नाही. एक दिवस त्याने नवी झिरो पट्टी करायला घेतली. रामराव दाराशी पॉलिश पेपर घेऊन चौकट घासत होते. पोराने फळी उलटी करून पटाशीने खोबण काढली, खाचेत बसवून बोटांनी चारी कोपरे दाबून पाहिले, वरून जाड फळी ठेवली, शिकंजे आवळले, बाजूला उभं राहून स्वतः बटन दाबलं आणि चाक फिरवत गेला. पातं फळीतून गुणगुणत वर आलं. त्याने बापाला बोलावलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. निकिता मात्र त्यानंतर शेडच्या आत आली नाही. काही सांगायचं असलं की उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगायची, "मामाजी, जेवाले चाला," आणि वळायची. तिच्या आवाजात राग नव्हता. आधी जे काहीतरी असायचं ते नव्हतं.

उन्हाळ्यात वाशीमला नात्यातलं एक लग्न होतं. सगळे गेले. जेवणाच्या पंगतीत निकिताची मावसबहीण चंदा तिच्याशेजारी येऊन बसली आणि एकदम म्हणाली, "अव, गालाले काय झालं तुह्या?"

निकिताचा हात गालाकडे गेला. हरीओम वाढप्याशी बोलत होता. रामराव समोरच्या रांगेत बसले होते. चंदाची नजर निकिताच्या गालावरून हरीओमवर गेलेली त्यांनी पाहिली.

"माह्या हातून लागलं ते," रामराव म्हणाले. गलक्यात नीट ऐकू गेलं नसेल म्हणून मोठ्याने पुन्हा म्हणाले, "मशीनवर फळी उडाली. चूक माही होती. तिची नाई, त्याची नाई."

शेजारची दोन-चार तोंडं जेवता जेवता थांबली. चंदा ओशाळून "असं काय" म्हणाली आणि वरणाची वाटी पुढे केली. निकिता लेकीला पुरी मोडून देत होती. तिने मान वर केली नाही.

त्या लग्नात त्यांना ते आणखी कितीतरी जणांना सांगावं लागलं. शेवटच्या वेळीही जीभ पहिल्याइतकीच जड होती.